तंबोऱ्याचा आवाज उतरवताना

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळासाठी मी संगणकावर चालणारा एक तंबोरा लिहिला आहे. त्यात कोणाचेही ध्वनिमुद्रण वाजत नाही. चारही तारांचा नाद प्रोग्राम स्वतः आकड्यांतून घडवतो. खंजिरीच्या भजनाला तो साथ करतो, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागात, नाटकांचा हंगाम सुरू झाला की तालमींमध्ये आर्गनच्या बरोबरीने संवादांच्या मागेही वाजतो. पात्र बोलू लागले की त्याने मागे सरायचे आणि पद सुरू झाले की पुढे यायचे, एवढेच त्याचे काम. आमच्याकडच्या एका जुन्या आर्गनवादकांनी या कामाची संपूर्ण व्याख्या एका वाक्यात सांगितली होती : “भाऊ, आवाज खाली घे, पन लोकायले मालूम नोको पडू देऊ.” ध्वनिसंश्लेषणाच्या प्रोग्रामिंगमध्ये ही मागणी पुरी करण्यासाठी काय काय करावे लागते, ते मी या लेखात सविस्तर लिहिणार आहे, कारण मराठीत या विषयावर फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही आणि गावोगावी असे प्रोग्राम लिहिणारी मुले आता आहेत.

संगणकाच्या दृष्टीने ध्वनी म्हणजे आकड्यांची रांग असते. नेहमीच्या व्यवस्थेत दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे, म्हणजे सॅम्पल, साउंड कार्डाकडे जातात, आणि आवाज कमी-जास्त करणे म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याला एका दुसऱ्या आकड्याने गुणणे. या दुसऱ्या आकड्याला गेन म्हणतात. गेन १ असला तर ध्वनी आहे तसा राहतो, ०.५ असला तर तो सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी गुणोत्तराने मोजण्याचे एकक) खाली येतो, आणि ० असला तर शांतता. इतके साधे गणित असल्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की गेन ही एक जागच्या जागी ठेवलेली संख्या आहे, बटण फिरले की ती बदलायची आणि काम झाले. माझे सगळे म्हणणे या समजुतीच्या विरुद्ध आहे. गेन ही ठेवलेली संख्या नसून तोही ध्वनीइतकाच पूर्ण सिग्नल आहे. दर सॅम्पलला त्याची स्वतःची किंमत असते, त्याला स्वतःचा आकार असतो आणि त्याचा स्वतःचा वर्णपटही, म्हणजे कोणकोणत्या कंपनसंख्या त्यात किती जोराने आहेत त्याचा पटही, असतो. हे एकदा मनात पक्के बसले की या विषयातले बहुतेक प्रश्न एकाच धाग्यात ओवले जातात.

प्रथम साधा हिशेब पाहू. २२० हर्ट्झचा शुद्ध स्वर ०.८ इतक्या उंचीने वाजत असला, तर ४४,१०० च्या वेगाने त्याच्या दोन लगतच्या सॅम्पलांमधला फरक जास्तीत जास्त ०.०२५ इतका असतो. लाट सर्वांत वेगाने चढते त्या जागीसुद्धा ती एका पावलात याहून पुढे जात नाही. आता लाट माथ्यावर असताना कोणी स्लायडर झटकन खाली ओढला आणि प्रोग्रामने त्याच क्षणी उंची ०.८ वरून ०.२ केली, तर एका सॅम्पलात ०.६ ची उडी पडते, म्हणजे त्या स्वराच्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक पावलाच्या चोवीस पट. अशी उडी कोणत्याही एका कंपनसंख्येची नसते. तिची ऊर्जा खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यात पसरते आणि दर सप्तकाला ६ डेसिबलने हळूहळू ओसरत जाते. कानाला ती ‘टक्’ अशी ऐकू येते. तंबोऱ्याच्या खालच्या स्वराजवळ तिला झाकायला वरच्या पट्ट्यात पुरेसा नाद नसतो, म्हणून ती अधिकच उघडी पडते. त्यात आमच्याकडे कार्यक्रम अजूनही पुष्कळदा भोंग्यावर होतात. भोंगा खर्जाचा स्वर जेमतेम देतो आणि मधला कर्कश पट्टा मात्र जोरात फेकतो, त्यामुळे जी टक् घरी हेडफोनवर किरकोळ वाटते ती देवळाच्या कळसावरून गावभर जाते.

लाट शून्यावरून जात असतानाच गेन बदलावा, असा एक उपाय पुष्कळ जण सुचवतात. त्याने उडी टळते हे खरे आहे, पण लाटेचा चढ तिथे एकदम मोडतो, आणि हा मोडसुद्धा ऐकू येतो. फक्त त्याची ऊर्जा दर सप्तकाला १२ डेसिबलने ओसरते, त्यामुळे तो मवाळ असतो. शिवाय डाव्या आणि उजव्या चॅनलच्या लाटा एकाच वेळी शून्यावर येत नाहीत, आणि शून्याची वाट पाहत बसल्याने खालच्या स्वरांत बदल उशिरा होतो. मी हा उपाय कुठेही वापरत नाही.

या टक्-टक्चे मूळ समजून घ्यायचे असेल तर गुणाकाराचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. दोन सिग्नल एकमेकांशी गुणले की त्यांचे वर्णपट एकमेकांवर पसरतात. २२० हर्ट्झच्या स्वराचा गेन सेकंदाला ३० वेळा साइन लाटेच्या आकारात वर-खाली केला, तर मूळ स्वराच्या दोन बाजूंना १९० आणि २५० हर्ट्झचे दोन नवे स्वर उमटतात. व्हॉल्यूम बदलणे हे नेहमीच असे काही तरी नवे निर्माण करणे असते. बदल संथ असला तर नवे स्वर मूळ स्वराला इतके चिकटून असतात की कान त्यांना वेगळे ओळखत नाही आणि आपल्याला केवळ ‘आवाज कमी झाला’ एवढेच जाणवते. बदल झटक्याचा असला तर ते दूरदूर फेकले जातात आणि खरखर किंवा टक् म्हणून ऐकू येतात. म्हणून ‘व्हॉल्यूम गुळगुळीत करा’ याचा नेमका अर्थ असा की गेन नावाच्या सिग्नलचा वर्णपट शक्य तितका अरुंद ठेवा.

झटका एकच असला तर टक् होते, पण झटक्यांची रांग लागली की त्याहून वाईट प्रकार घडतो, ज्याला इंग्रजीत काम करणारे लोक चेन ओढल्याच्या आवाजावरून ‘झिपर नॉइज’ म्हणतात. त्याची दोन उगमस्थाने आहेत. पहिले म्हणजे स्लायडर स्वतः. वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या, १९८३ मध्ये आलेल्या मिडी या प्रमाणपद्धतीत साध्या कंट्रोलरची किंमत ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत येते. ती सरळ १२७ ने भागून गेन म्हणून वापरली, तर वरच्या भागात ६४ वरून ६५ वर जाताना फरक जेमतेम ०.१३ डेसिबलचा पडतो, पण तळाशी १ वरून २ वर जाताना तोच फरक ६ डेसिबलचा होतो. म्हणजे संवादाच्या मागे तंबोरा अगदी बारीक ठेवायचा असतो तिथेच पायऱ्या सर्वांत उंच. शिवाय हे संदेश ठरावीक अंतराने येत नाहीत. हात जसा चालेल तसे ते येतात.

दुसरे उगमस्थान प्रोग्रामच्या पोटात असते आणि ते सहसा दिसत नाही. जवळपास सगळे ध्वनिप्रोग्राम सॅम्पलांचे गठ्ठे करून काम करतात. प्युअर डेटा या ध्वनिप्रोग्रामिंगच्या भाषेत हा गठ्ठा ६४ सॅम्पलांचा असतो, ब्राउझरच्या वेब ऑडिओमध्ये १२८ चा. प्रोग्रामने गेन प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला एकदाच वाचला आणि पूर्ण गठ्ठ्याला तोच लावला, तर ४४,१०० च्या वेगाने ६४ च्या गठ्ठ्यासाठी सेकंदाला ६८९ पायऱ्या पडतात. हात वेगाने फिरला आणि ५० मिलिसेकंदांत गेन ०.६ ने उतरला, तर प्रत्येक पायरी ०.०१७ च्या आसपास येते आणि त्या पायऱ्यांची स्वतःची ६८९ हर्ट्झची भुणभुण तंबोऱ्याच्या प्रत्येक स्वराशी गुणली जाते. २२० च्या षड्जाभोवती त्यामुळे ४६९ आणि ९०९ हर्ट्झचे स्वर उमटतात. हे स्वर कोणत्याही रागाचे नाहीत; गवय्याच्या कानाला ते लगेच खटकतात, मग त्याला कारण सांगता येवो वा न येवो.

ही अडचण संगणकसंगीताच्या जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल लॅबमध्ये १९५७ साली आकड्यांतून ध्वनी घडवून संगणकाकडून संगीत वाजवून घेतले, तेव्हा एकेका सेकंदाच्या ध्वनीसाठी लागणारी आकडेमोड हीच मोठी किंमत होती. म्हणून पुढच्या काळातल्या भाषांनी सावकाश बदलणाऱ्या गोष्टी कमी वेगाने आणि प्रत्यक्ष ध्वनी पूर्ण वेगाने मोजण्याची सोय केली. बॅरी व्हर्को यांच्या सीसाउंडमध्ये के-रेट आणि ए-रेट असे दोन दर आहेत ते याच कारणाने. ही विभागणी आजही उपयोगाची आहे, पण व्हॉल्यूम कोणत्या बाजूला ठेवायचा याबद्दल माझ्या मनात शंका नाही : त्याचे शेवटचे पाऊल ए-रेटवरच, म्हणजे दर सॅम्पलला मोजले गेले पाहिजे. आजच्या अगदी स्वस्त लॅपटॉपवरसुद्धा एक गुणाकार आणि एक बेरीज हा भार म्हणण्यासारखा नाही.

दर सॅम्पलला मोजायचे म्हणजे काय मोजायचे, याचे सर्वांत सोपे उत्तर सरळ उतार हे आहे. किती वेळात जायचे ते ठरवावे, त्या वेळेची सॅम्पले मोजावीत, एकूण फरकाला त्या संख्येने भागावे आणि येणारे छोटे पाऊल दर सॅम्पलला गेनमध्ये मिळवावे. २० मिलिसेकंदांसाठी ८८२ सॅम्पले लागतात, ०.८ वरून ०.२ वर उतरायचे तर प्रत्येक पाऊल ०.०००६८ इतके येते. मघाच्या ०.६ च्या उडीशी हे ताडून पाहावे. बटण दाबून तंबोरा बंद-चालू करण्यासाठी १० ते २० मिलिसेकंदांचा असा सरळ उतार पुरतो. वेळ १ मिलिसेकंदापर्यंत खाली आणली तर खालच्या स्वरावर पुन्हा बारीक टक् ऐकू येऊ लागते. सरळ उताराच्या दोन्ही टोकांना कोपरे असतात. तेही बोथट करायचे असतील तर ० ते १ पर्यंत सरळ वाढणाऱ्या क्ष ऐवजी ‘३ क्ष वर्ग वजा २ क्ष घन’ ही किंमत वापरावी, तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही सपाट असतात.

सरळ उतार थोड्या अंतरासाठी चांगला आहे, पण भजन संपताना तंबोरा दहा सेकंदांत विरवायचा असेल तर तो अगदी चुकीचा ऐकू येतो. पाच सेकंद झाल्यावर गेन अर्धा झालेला असतो, पण कानाच्या हिशेबाने तो फक्त ६ डेसिबलने उतरलेला असतो. नवव्या सेकंदाला तो २० डेसिबल खाली असतो, आणि मग उरलेल्या एका सेकंदात बाकी सगळा आवाज कड्यावरून पडावा तसा नाहीसा होतो. कान फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. ढोबळ मानाने १० डेसिबल चढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, मग सुरुवात कुठूनही झालेली असो. म्हणून लांब उतारासाठी दर सॅम्पलला वजाबाकी न करता गुणाकार करावा. १ पासून ०.००१ पर्यंत, म्हणजे ६० डेसिबल खाली, दहा सेकंदांत यायचे असेल तर ४,४१,००० सॅम्पले होतात आणि प्रत्येक वेळी गेनला सुमारे ०.९९९९८४३ ने गुणायचे. आता प्रत्येक सेकंदाला बरोबर ६ डेसिबल उतरतात आणि विरणे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे वाटते. फक्त गुणाकाराने शून्य कधीही गाठता येत नाही, म्हणून तळाशी काही मिलिसेकंदांचा सरळ उतार जोडून तो शून्यावर टेकवावा लागतो. वेब ऑडिओतला घातांकी उताराचा आदेश तर शून्य हे लक्ष्य स्वीकारतच नाही, तो चूक दाखवून थांबतो.

इथे एक बारकावा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आवाज उतरत असताना सगळे स्वर सारखेच उतरतात असे कानाला वाटत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांपासून हे माहीत आहे की कमी आवाजात कान खालच्या स्वरांना बहिरा होत जातो. तंबोऱ्यात याचा परिणाम असा होतो की गेन समप्रमाणात खाली आणला तरी खर्जाची तार इतरांच्या आधी नाहीशी होते आणि मागे फक्त जवारीची झणझण उरते. संवादांच्या मागे तंबोरा २० डेसिबलने खाली ठेवायचा असेल, तेव्हा मी खर्जाच्या तारेला त्यापेक्षा थोडे कमी उतरवतो. किती कमी, हे गणिताने ठरवत बसलो नाही. मंडळातल्या ज्येष्ठांना समोर बसवून, त्यांना खर्ज ऐकू येत राहील इतके ठेवले. ध्वनी स्वतः घडवण्याचा हाच मोठा लाभ आहे की प्रत्येक तारेचा गेन वेगळा हाताळता येतो.

उतार किती वेळात पुरा करायचा हे आधीच माहीत असेल तेव्हा वरचे दोन्ही प्रकार चालतात. स्लायडरचे मात्र तसे नसते. हात कुठे थांबेल, मध्येच परत फिरेल का, हे प्रोग्रामला माहीत नसते. अशा ठिकाणी मला सर्वांत जास्त आवडणारी युक्ती एका ओळीत मावते :

पातळी = पातळी + क × (लक्ष्य − पातळी)

दर सॅम्पलला ही ओळ एकदा चालवायची. लक्ष्य म्हणजे स्लायडर सध्या जिथे आहे ती किंमत, आणि पातळी म्हणजे प्रत्यक्ष लावला जाणारा गेन. धानाच्या दोन लगतच्या बांध्यांमधला धुरा थोडा फोडून पाण्याला वाट दिली की ते आधी जोराने वाहते आणि दोन्हीकडची पातळी जवळ येत जाईल तसतसे मंदावते. ही ओळ तेच करते. अंतर जितके जास्त तितका वेग जास्त, आणि लक्ष्य मध्येच बदलले तरी पातळी जिथे असेल तिथूनच नव्या दिशेने निघते, त्यामुळे उडी पडण्याचा प्रश्नच येत नाही. सरळ उतारात ही काळजी स्वतः घ्यावी लागते : जुना उतार अर्धा झालेला असताना नवा आदेश आला, तर नव्या उताराची सुरुवात जुन्या लक्ष्यापासून न करता त्या क्षणीच्या खऱ्या पातळीपासून करावी लागते, आणि वेब ऑडिओमध्ये ती पातळी आधी ठामपणे नोंदवावी लागते.

या ओळीतला क अंदाजाने लिहू नये. पातळीला लक्ष्याकडे जाण्यासाठी किती काळ द्यायचा ते सेकंदांत ठरवावे, त्याला कालस्थिरांक म्हणू, आणि क = १ − ई^(−१ ÷ (कालस्थिरांक × सॅम्पलदर)) या सूत्राने तो काढावा; इथे ई म्हणजे २.७१८ हा गणितातला स्थिरांक. २० मिलिसेकंद आणि ४४,१०० साठी क सुमारे ०.००११३ येतो. एका कालस्थिरांकात ६३ टक्के अंतर कापले जाते, तिनांत ९५ टक्के आणि पाचांत ९९ टक्क्यांच्या वर. क थेट आकड्याने लिहिला आणि उद्या साउंड कार्ड बदलून सॅम्पलदर ९६,००० झाला, तर तोच प्रोग्राम दुपटीहून अधिक चपळ वागू लागतो. आणि ही ओळ कोणी सॅम्पलाऐवजी गठ्ठ्याला एकदा चालवली तर तो ६४ पट मंद होतो. वेब ऑडिओतला सेट-टार्गेट-अ‍ॅट-टाइम हा आदेश आतून हीच क्रिया करतो आणि त्याला कालस्थिरांकच द्यावा लागतो. सुपरकोलायडर या ध्वनिभाषेतला लॅग आणि सीसाउंडमधला पोर्ट हे याच कुळातले आहेत, मात्र त्यांना दिलेल्या वेळेचा अर्थ निराळा आहे : लॅगमध्ये ती फरक ०.१ टक्क्यावर येईपर्यंतची असते, तर पोर्टमध्ये निम्मे अंतर कापण्याची. त्यामुळे एकातला आकडा उचलून दुसऱ्यात घालू नये.

या पद्धतीला तीन उणिवा आहेत. पातळी लक्ष्याच्या अधिकाधिक जवळ जाते पण सिद्धान्ताने कधीच पोहोचत नाही, आणि लक्ष्य शून्य असेल तेव्हा ती इतकी सूक्ष्म होत जाते की ३२ बिटांच्या दशांशसंख्यांत १० च्या उणे ३८ व्या घाताच्या खाली उतरते. अशा संख्या हाताळताना काही प्रोसेसर एकाएकी फार मंद होतात, आणि मग ध्वनी नेमका शांततेच्या वेळी अडखळू लागतो. उपाय साधा आहे : लक्ष्य आणि पातळी यांतला फरक ०.००००१ पेक्षा कमी झाला की पातळीला सरळ लक्ष्यावर बसवावे. दुसरे असे की लक्ष्य बदलल्या क्षणी पातळी एकदम पूर्ण वेगाने धावू लागते, म्हणजे तिथे एक कोपरा पडतो. अशाच दोन ओळी एकामागून एक लावल्या की तोही जातो, आणि मिडीच्या १२८ पायऱ्याही अशा दुहेरी गाळणीतून पूर्ण विरघळतात.

तिसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. ही ओळ शून्याकडे उतरताना कानाला हवी तशीच वागते, दर कालस्थिरांकाला बरोबर ८.७ डेसिबलने, पण वर चढताना ती कानाच्या हिशेबाने एकदम उसळते आणि मग बराच वेळ काहीच घडत नसल्यासारखे वाटते. पद सुरू होताना तंबोरा पुढे आणायचा असतो तिथे हे खुपते. म्हणून मी गेनवर ही ओळ न चालवता डेसिबलांवर चालवतो. स्लायडरची जागा प्रथम डेसिबलांत बदलायची, गाळणी त्या डेसिबलांवर लावायची, आणि आलेल्या उत्तराचा शेवटी गेन करायचा. घातांकाचे गणित दर सॅम्पलला करणे थोडे महाग पडते, त्यामुळे डेसिबलांचा हिशेब दर ६४ सॅम्पलांना एकदा करतो, त्यासाठी क त्याच अंतराने काढलेला असतो, आणि दोन उत्तरांच्या मधली ६४ पावले सरळ उताराने भरतो. एवढ्या लहान अंतरात सरळ आणि वाकडा उतार यांतला फरक ऐकू येत नाही. अनेक पद्धती वापरून पाहिल्यावर मी या जोडणीवर स्थिरावलो आहे आणि कोणी विचारले तर हीच सुचवतो.

स्लायडरची जागा डेसिबलांत कशी बदलायची, हा प्रश्न जुना आहे. अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना माहीत असते की व्हॉल्यूमसाठी लॉग पॉट, म्हणजे गुणोत्तराच्या हिशेबाने बदलणारे फिरते बटण, लावावा लागतो. लिनियर, म्हणजे सरळ हिशेबाचा, पॉट लावला तर पहिल्या थोड्या फिरवणीतच सगळा आवाज येऊन जातो. मी स्लायडरचा वरचा अर्धा भाग ० ते उणे २० डेसिबलांना दिला आहे, कारण बहुतेक काम तिथेच चालते. खालच्या अर्ध्यात उणे ६० पर्यंत उतरतो आणि अगदी शेवटच्या थोड्या जागेत पूर्ण शून्य.

पंचमाचा तंबोरा मध्यमाचा करणे हाही व्हॉल्यूमचाच प्रश्न आहे, कारण एक नाद उतरवून दुसरा चढवायचा असतो. दोन नाद एकमेकांशी असंबद्ध असले आणि दोघांचेही गेन सरळ उताराने बदलले, तर मध्यावर दोन्ही ०.५ असतात आणि एकूण आवाज ३ डेसिबलने खचतो. म्हणून एकाला कोसाइन आणि दुसऱ्याला साइनच्या आकाराने न्यावे. मध्यावर दोन्ही ०.७०७ असतात आणि एकूण ऊर्जा कायम राहते. उलट दोन्ही नाद मुळात एकच असले, तर हाच आकार मध्यावर ३ डेसिबलचा फुगवटा आणतो आणि तिथे सरळ उतारच बरोबर ठरतो. तंबोऱ्यात मात्र या निवडीचीही गरज पडत नाही. जोडाच्या दोन तारा आणि खर्ज दोन्ही सुरावटींत तेच असतात. बदलते ती फक्त पहिली तार. म्हणून मी बाकीच्या तीन तारांना हात लावत नाही, पहिल्या तारेचा पंचम त्याच्या छेडीनंतर आपोआप विरू देतो आणि पुढची छेड मध्यमाची करतो. जिथे उतार टाळता येतो तिथे तो टाळणे हे कोणत्याही वक्ररेषेपेक्षा चांगले.

याच्याच जोडीला एक सावधगिरी. गुळगुळीतपणा सगळीकडे लावायचा नसतो. खंजिरीची थाप, ढोलकीचा बोल किंवा तारेची छेड यांचा आरंभ अगदी थोड्या मिलिसेकंदांत होतो आणि त्या आरंभातच त्या वाद्याची ओळख असते. त्यावर २० मिलिसेकंदांची गाळणी लावली तर खंजिरी कापडात गुंडाळल्यासारखी वाजते. म्हणून प्रत्येक स्वराचा स्वतःचा चढ-उतार वेगळा मोजावा, तो हवा तितका टोकदार असू द्यावा, आणि गाळणी फक्त माणसाच्या हाताने बदलणाऱ्या मुख्य व्हॉल्यूमवर ठेवावी. शेवटी दोन्ही गेन एकमेकांशी गुणले जातात. स्वर बंद करताना मात्र कितीही घाई असली तरी ५ मिलिसेकंदांचा उतार द्यावाच, आणि उतार पूर्ण होईपर्यंत त्या स्वराची आकडेमोड थांबवू नये. प्रोग्राम बंद करण्याची आज्ञा आली तरी क्रम हाच : आधी मुख्य गेन शून्यावर, मग साउंड कार्डाशी असलेला संबंध तोडायचा. पूर्वी क्रोम ब्राउझरमध्ये गेनची किंमत थेट बदलली तरी ब्राउझर स्वतःच थोडा उतार देत असे, नंतर ती सोय काढून टाकण्यात आली. जुन्या नमुन्यांवरून शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण तेव्हा स्वच्छ वाजणारा प्रोग्राम आता टक्-टक् करतो.

हे सगळे नीट झाले आहे की नाही हे तपासण्यासाठी तंबोरा वापरू नये. त्याच्या नादात इतके स्वर असतात की लहान दोष त्यात लपून जातात. १०० हर्ट्झचा शुद्ध साइन स्वर वाजवावा, हेडफोन लावावा आणि स्लायडर वेगाने वर-खाली करावा. काही चुकत असेल तर या उघड्या स्वरावर ते लगेच ऐकू येते. मग तेच रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे आडव्या दिशेला वेळ आणि उभ्या दिशेला कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्राच्या, रूपात पाहावे. १०० हर्ट्झवर एक आडवी रेघ दिसली पाहिजे, तिची जाडी आणि रंग थोडा बदलेल एवढेच. टक् झाली असेल तिथे खालून वरपर्यंत उभी रेघ दिसते, आणि गठ्ठ्यांच्या पायऱ्या पडत असतील तर मूळ रेघेच्या वर समान अंतराने फिकट रेघांची शिडी दिसते. ६४ च्या गठ्ठ्यासाठी ती शिडी ६८९ हर्ट्झच्या पटीभोवती असते, १२८ च्या गठ्ठ्यासाठी ३४५ च्या पटीभोवती. त्यावरून दोष प्रोग्रामच्या कोणत्या थरात आहे हेसुद्धा सांगता येते. या तपासणीतून पार पडल्यावरच मी तो भोंग्याला जोडतो, आणि तिथे एक जण स्लायडरवर व एक जण मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभा राहून कालस्थिरांक ठरवतो. तालमीच्या खोलीत २० मिलिसेकंद पुरतात. संवादांच्या मागे तंबोरा सरकवण्यासाठी आम्ही ३०० मिलिसेकंदांच्या जवळपास आलो आहोत, आणि आर्गनवादक आपल्या पेटीचा भाता ज्या वेगाने आवरतात त्याच्याशी तो जुळतो.